बधिर ओठाची नोंद

जबड्याच्या डॉक्टरांनी कोणत्याही रोग्याला ‘कुठे दुखते?’ असे प्रथम विचारल्याचे मला स्मरत नाही. ते विचारत, ‘‘तोंडानं काय काम करता?’’ माणूस दचके. ‘‘जेवतो की!’’ हे उत्तर बहुधा येई. ‘‘ते सगळेच करतात. आणखी?’’ मोहोळच्या एका मेंढपाळाने त्यावर शीळ घालून दाखवली. बाहेरची रांग उठून उभी राहिली.

सत्तरच्या दशकात सोलापुरात मी त्यांच्याकडे भूल देत असे. खालच्या जबड्यातील साध्या गाठी काढणे हे त्यांचे काम. या गाठी जिवावर बेतत नाहीत; मात्र हाड पोखरतात, आणि त्याच हाडातून खालच्या ओठाला स्पर्श कळवणारी नस जाते. डॉक्टर म्हणत, ‘‘गाठ कुणीही काढील. ओठ मागे ठेवता आला पाहिजे.’’

नरसय्या विणकर होता. मागावर आडवे सूत नेणाऱ्या धोट्याच्या छिद्रातून सुताचे टोक तो ओठांनी ओढून घेई. त्याची गाठ नेमकी नसेला चिकटलेली. आदल्या दिवशी डॉक्टर त्याच्या मागापाशी जाऊन ते ओढणे पाहून आले. शस्त्रक्रियेला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला.

पुढे दर सोमवारी ते त्याला डोळे मिटायला सांगून ओठावर कापूस फिरवत. ‘‘लागतंय?’’

‘‘लागतंय की, डाक्टरसाब!’’

डॉक्टरांना आनंद होई. म्हणजे ते दुसरा चहा घेत. एकदा मात्र समोरच्या टपरीवर नरसय्याच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून चहा ओघळताना त्यांनी पाहिला. त्या दिवशी त्यांनी कापूस टेबलावरच राहू दिला आणि विचारले.

‘‘लई छान लागतंय!’’

‘‘नरसय्या, मी अजून हात लावलेला नाही.’’

नरसय्याने डोळे उघडले. ‘‘तुमी एवढी मेहनत घेतली. न्हाय कसं म्हणू?’’ उजवी बाजू पहिल्या दिवसापासून बधिर होती. डाव्या कोपऱ्याने तो कसेबसे काम रेटत होता.

डॉक्टरांनी केसपेपर ओढला.

‘‘ते लिवू नका, साहेब. पुढचे लोक घाबरतील.’’

‘‘घाबरू देत,’’ म्हणत त्यांनी ‘ओठ बधिर’ असे सुवाच्य अक्षरात लिहिले.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत प्रत्येक रोग्याला ते टेबलावर घेण्यापूर्वी सांगत, ‘‘माझ्या हातून एका विणकराचा ओठ गेला आहे. तरी करू?’’ काही जण चपला घालून पुण्याला गेले. मी एकदा धीर करून म्हणालो, ‘‘सर, या वाक्यानं नाडी वाढते.’’

‘‘कुणाची?’’

‘‘रोग्याची.’’

‘‘माझीही वाढते,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘द्या भूल.’’