चोवीस डिग्रीतला घाम

हसणार नसाल तर सांगतो. हसणारच आहात, चहा ओततानाच तुमच्या तोंडावर दिसतंय ते. तरी सांगतो.

मी विदर्भातला, दारव्ह्याचा; माझी मुलगी साताऱ्याला दिली. तिचे सासरे म्हणजे आमचे इवाई, तुमच्या पुस्तकी भाषेत व्याही. माणूस लाखातला, पण उन्हाळ्याला भलताच घाबरणारा. "दारव्ह्याचा मे महिना आमच्या बाळाला झेपायचा नाही," असं म्हणून दर सुट्टीत नातवाला तिकडेच ठेवून घेत. माझा सगळा जीव त्या पोरात. एकदा तरी त्यानं उन्हाळ्याची सुट्टी माझ्या घरात घालवावी, एवढंच मागणं होतं माझं.

म्हणून यंदा बैठकीत एसी बसवला. साधा नाही. भिंतीवर स्मार्ट थर्मोस्टॅट, म्हणजे एक पांढरी चकती आणि तिच्या मधोमध आकडा. "खोली थंड झाली की एसी आपोआप थांबते," असं मिस्त्री सांगून गेला. मी लगेच साताऱ्याला फोन लावला. "इवाई, या आता. दारव्ह्यात महाबळेश्वर बांधून ठेवलं तुमच्यासाठी. पाहा, अन् मंग नातवाले पाठवा."

ते आले की हो, भर मे महिन्यात, विहीणबाईंना घेऊन. मी स्वतः स्टँडवर जाऊन त्यांना घरी आणलं. जय भीम झाला, पाणी झालं, आणि दोघांना थेट त्या चकतीपुढे उभं केलं. चकतीवर चोवीस.

"वा," इवाई म्हणाले आणि कपाळ पुसलं.

"बाहेरची गरमी आहे अंगात. निघून जाईन," मी म्हणालो. दारं लावली, खिडक्या लावल्या, पडदे ओढले. पंखाही बंद केला. एसीच्या खोलीत पंखा लावतं का कुणी?

थोड्या वेळात इवायांचा सदरा पाठीला चिकटला. "भाऊ, एसी चालू आहे ना? आवाज येत नाही."

"कायले येईन? स्मार्ट आहे तो. चोवीस झाले, काम झालं, थांबला."

आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? एसी बंद आहे म्हणजे खोली थंड आहे, सरळ हिशेब. मोबाईलवर एसीचं अ‍ॅप दाखवायला गेलो तर त्यात 'उपकरण सापडत नाही' असं आलं. आमच्या गल्लीत नेटवर्कचे हे नखरे रोजचेच, म्हणून मोबाईल खिशात टाकला.

तेवढ्यात बायकोने मला स्वयंपाकघरात ओढलं. "आवो, इवाई घामानं ओले होऊन राह्यले. कूलर लावा ना."

"चोवीसमंधी कूलर? लोकं हसतीन."

"मंग तुमाले काहून घाम येऊन राह्यला?"

"मी धावपळ करून राह्यलो म्हणून."

पण आता मला काळजी लागली. खोली थंड आणि माणूस गरम. म्हणजे बिघाड माणसात. इवायांना ऊन लागलं होतं, दुसरं काय?

मग मी मागेपुढे पाहिलं नाही. कैरीचं पन्हं पाजलं. कांदा कापून तळपायांना चोळला, दुसरा कांदा त्यांच्या खिशात घातला. डोक्यावर ओला टॉवेल ठेवला. आणि त्यात पुन्हा चोवीसची थंडी बाधू नये म्हणून अंगावर चादर घातली.

"भाऊ, मला काही झालेलं नाही. फक्त उकडतंय," इवाई चादरीतून म्हणाले.

"उकडून राह्यलं, हेच तर लक्षण आहे."

इवायांनी विहीणबाईंकडे मान वळवली. "संध्याकाळची गाडी बघ. आणि बाळाला इकडे पाठवायचं नाव काढू नकोस."

मी तसाच उठलो. धावत जाऊन समोरच्या डॉक्टरांना घेऊन आलो. त्यांनी इवायांचा बीपी घेतला, पण तेवढ्यात त्यांचाच चष्मा घामानं नाकावरून घसरला.

"पेशंट एकदम ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "पण तुमी इवायाले शिजवून काहून राह्यले?"

"डॉक्टर, चोवीस आहे. तिथं पाहा."

"मंग वीस करू," म्हणत त्यांनी चकतीवर बोट टेकवलं. बोट घामाचं. ते बाजूला सरकलं आणि त्याला चिकटून अख्खा चोवीसचा आकडा निघून आला.

झालं होतं असं, की चोवीस छापलेलं होतं वरच्या प्लास्टिकवर. नव्या वस्तूवर शोभेला चिकटवतात ना, तसल्या. खालची काच काळी ठार. मिस्त्री ते प्लास्टिक काढत होता तर मीच त्याचा हात धरला होता. नव्या वस्तूचं प्लास्टिक आपण कधी काढतो का?

बायको उठली आणि दारामागचा एसीचा खटका पाहून आली. "स्टँडवर जातानी हा खटका बंद करून गेल्ते तुमी," ती सगळ्यांदेखत म्हणाली आणि तिनं तो दाबला. चकती उजळली. आकडा आला, एकेचाळीस.

धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं. मग चादर हलायला लागली. इवाई हसत होते, इतके की खिशातला कांदा गडगडत दारापर्यंत गेला. विहीणबाई पदरानं डोळे पुसायला लागल्या, डॉक्टर भिंतीला टेकले.

"गाडी राहू दे," इवाई विहीणबाईंना म्हणाले. "बाळालाच बोलावून घे. त्याचा हा आजोबा त्यानं पाहायलाच हवा."

मग कपाळ पुसत माझ्याकडे वळले. "भाऊ, फक्त एवढं करा. ते प्लास्टिक परत लावा. चोवीसमध्ये जरा कमी उकडत होतं."