लेकीचा किकुयू मामा

गेल्या मंगळवारी इथे दुबईत ऑफिसच्या पँट्रीत उभी राहून आईशी फोनवर वाद घालत होते. लेकीचे कान टोचताना तिला मांडीवर घ्यायला मामा कुठून आणायचा? मला भाऊ नाही, त्यामुळे हा फोन येणार हे बारशापासूनच माहीत होतं.

"मामा हवाच असं काही नाही गं," मी तीनदा म्हटलं. आवाज नॉर्मल ठेवला... पण भाऊ नसणं इतकं कधी जाणवलं नव्हतं.

फोन ठेवला तर समोर मवांगी. आमच्या टीममधला टेस्ट इंजिनिअर, केनियाचा, घरची भाषा किकुयू. माझ्या मराठीतला 'मामा' तेवढा ओळखून म्हणाला, "मामाचं काय झालं?" त्यांच्यातही आईच्या भावाला मामाच म्हणतात... आणि पूर्वी मामाने परवानगी दिल्याशिवाय भाच्यांचे कान टोचत नसत!

शेजारी कॉफी घेणारी रूता लिथुआनियाची. "आमच्यात मामा म्हणजे आई," ती म्हणाली. "मग हिच्या मुलीला मामा आहेच की!"

डेस्कवर येऊन मी शोधलं. या दोन भाषांचं एकमेकींशी नातं नाही. ओठ मिटून उघडले की बाळाला जमतो तो आवाज... कुणी तो आईला दिला, कुणी तिच्या भावाला.

संध्याकाळी मवांगीला विचारलं, येशील का? मी सहसा कुणाकडे असं काही मागत नाही. वाक्य आधी मनात दोनदा म्हणून पाहिलं होतं.

"येतो. पण आमच्यात मामाला बकरा द्यावा लागतो."

"आमच्यात उलट. मामाच भाचीला डूल देतो."

"हबीबी, हे आधी सांगायचं ना!"

शनिवारी सकाळी ऊद मेथा भागातल्या क्लिनिकमध्ये तो आमच्याआधी हजर. कडक इस्त्रीचा शर्ट, आणि खिशात सोन्याच्या डुलांची इवलीशी डबी.

लेक त्याच्या मांडीवर दोनदा किंचाळली, मग त्याच्या शर्टाच्या बटणात रमली. नवऱ्याने धरलेल्या फोनमधून आई ओरडत होती, "मामा, घट्ट धरा हो तिला!" आणि तो सगळं कळल्यासारखी मान डोलवत होता...

शेवटी नर्सने फॉर्म पुढे केला. बाळाला कुणी धरलं, त्याचं नाव आणि नातं. "ये कौन लगते हैं बच्ची के?"

"मामा. मेरा भाई है."

तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

फॉर्ममध्ये मी चुकीची माहिती कधीच भरत नाही. त्या दिवशीही भरली नाही.