कोंडाबाईच्या अंगठ्यावरच्या दोन ओळी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. आईजवळ नाही, संघटनेतल्या सोबत्यांजवळ तर नाहीच. आणि मी काही गप्प बसणारा माणूस नव्हे, हे तुम्हाला ठाऊक आहे. भिंत दिसली की घोषणा लिहिणारा, चौक दिसला की भाषण ठोकणारा मी. दुसऱ्यांची पापं मी गावभर वाटली आहेत, फुकट, हातोहात. स्वतःचं एक मात्र — एकच — चार वर्षं जिभेखाली धरून बसलो. त्याची चव कशी लागते ते विचारू नका.

कुठून सुरू करू? सायकलीपासून करतो. तिथे मी निदान खरा होतो.

लातूरचा नवा जिल्हा झाला, त्याच्या पुढचा उन्हाळा. नव्या कचेऱ्या, नवे साहेब. पाट्यांचा रंग ओला आणि विहिरी कोरड्या — पाहा, अजूनही पत्रकातलीच वाक्यं सुचतात मला. किळस येते. साधं सांगतो: पाऊस दोन वर्षं झाला नव्हता, गावोगाव टँकर चालू होते, आणि त्यातच जिल्ह्याच्या आनंदासाठी तीन दिवसांची सायकल शर्यत ठरली. पहिल्या दिवशी लातूरहून उदगीरवरून देगलूर. दुसऱ्या दिवशी बिलोलीवरून नांदेड. तिसऱ्या दिवशी लोहा, अहमदपूर करत परत लातूर. तिन्ही दिवसांचा वेळ एकत्र करून नंबर काढायचे. सायकल कंपन्यांचे पगारी संघ येणार होते, पंजाबचे, पुण्याचे, बंगालचे. आणि एका संघात आमचा एक — शिवाप्पा.

शिवाप्पा उदगीरचा, लिंगायत किराणा दुकानदाराचा मुलगा. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढून सायकलवर बसायचा. दहा मैलांत घामाने ते भुवयांवर उतरायचे. कंपनीने त्याला तेवढ्या शर्यतीपुरता घेतला होता. पहिल्या दहांत आलास तर संघात कायम, नाहीतर परत दुकानात, असं सांगून. आमच्या भागातला माणूस सायकल चालवून पोट भरतो, हे तोवर आम्ही पाहिलंच नव्हतं. तो कायम व्हावा, एवढंच त्या उन्हाळ्यात मला हवं होतं. क्रांतीसुद्धा थोडी मागे पडली होती. हसा हवं तर.

पण मी संघटनेचाही होतो ना! वडिलांनी मला अक्षरओळख पत्रकांवरून करून दिली, माझ्या शाळेच्या पुस्तकांना कव्हरंसुद्धा पत्रकांचीच असायची. शर्यतीची बातमी आली तशी मी पत्रक छापायला स्टेन्सिल कापलं. ‘पाणी माणसांना की मिरवणुकीला?’ लोक कौतुकाने शर्यतवाल्यांच्या डोक्यावर घागरीच्या घागरी ओततात, ही आपल्याकडची रीत. दुष्काळात ती गुन्हा आहे, असं मी लिहिलं. फार चांगलं लिहिलं. इतकं की शर्यतीच्या समितीला ते मान्य करावं लागलं. त्यांनी नियमच काढला: स्पर्धकाने आपल्या संघाच्या गाडीतलं पाणी वापरायचं, गावचं पाणी घेणारा बाद. आम्ही जिंकलो होतो. माझ्या एका कागदाने नियम बदलला होता! ती धुंदी तुम्ही कधी चाखली आहे का? न चाखलेली बरी.

मग शर्यत सुरू झाली, आणि मी आणि खाजा तिच्या मागे लागलो. खाजा माझा नांदेडचा मित्र, त्याच्या भावाचं गॅरेज होतं. तिथली कुणाचीतरी दुरुस्तीला आलेली मोटारसायकल घेऊन आम्ही तीन दिवस फिरलो. शर्यतीच्या पुढे जायचं, चढ गाठायचा, डांबरावर चुन्याने ‘शिवाप्पा’ लिहायचं, तो दिसला की घसा फोडायचा, तो गेला की आडवाटेने पुन्हा पुढे. एका क्षणाच्या दर्शनासाठी दोन-दोन तास उन्हात उभं राहायचं. देवळाच्या रांगेत उभं राहणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली, आणि तिथे मी हातात चुन्याचा डबा घेऊन उभा.

तिसऱ्या दिवशी लोह्याच्या पुढच्या चढावर थांबलो. रस्त्याला लागून गाव आहे. नाव लिहीत नाही, त्या गावाचा यात काही दोष नाही. टँकर नुकताच येऊन गेला होता. एक म्हातारी भरला हंडा बांधावर टेकवून दम खात होती. कोंडाबाई तिचं नाव, हे मला नंतर कळलं. सकाळपासून रांगेत उभी राहून तिला तो एक हंडा मिळाला होता, हेही नंतर. पण नंतर कशाला म्हणतो? टँकरच्या गावात हंडा कसा मिळतो, हे मीच तर लिहिलं होतं.

मी तिला प्यायला पाणी मागितलं. तिने एका शब्दानेही कुरकुर केली नाही. “पी की लेकरा, लई ऊन हाय,” म्हणाली आणि हंडा कलता करू लागली. तेवढ्यात खालच्या वळणावर सायकली दिसल्या. पुढे चौघे, मागे थोडं अंतर ठेवून शिवाप्पा. तोंड उघडं, ओठांवर मीठ, मान खाली. तो गळून चालला होता. त्याच्या संघाची गाडी कुठेच दिसत नव्हती.

मी म्हणालो, “आजी, द्या इकडं, मी धरतो.”

तिने दिला. म्हाताऱ्या बाईचं ओझं तरण्या पोराने धरावं, यात तिला काय वावगं वाटणार होतं?

मी हंडा घेऊन धावलो. शिवाप्पाच्या बाजूने दहा-पंधरा पावलं पळत सगळा हंडा त्याच्या डोक्यावर उपडा केला. तो ओरडला — “नको! नको ना रे!” — हातसुद्धा आडवा केला. नियम त्याला माहीत होता. पाणी डोळ्यांत गेलेलं, ओतणारा कोण ते त्याला दिसलं नाही. मला मात्र त्याचं ‘नको’ स्पष्ट ऐकू आलं. ऐकू आलं, आणि तरी मी उरलेलं ओतलं. का? मला वाटलं, मी त्याला वाचवतोय. छे, हेही खोटं. मला त्याच्या अंगाला हात लावायचा होता. भक्ताला असतं ना तसलं काहीतरी.

तो चढून गेला. डांबरावरचं पाणी पाहता पाहता वाळलं. मी हंडा परत नेऊन दिला तेव्हा कोंडाबाईने आत डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे.

“प्यायला मागितलंस की रं तू,” म्हणाली. एवढंच.

मी मोटारसायकलवर बसलो. पुढचा चढ गाठायचा होता. अर्ध्या मैलावर खाजाने मान न वळवता विचारलं, “पानी किसका था बे?”

“टँकरचं.”

“टँकर तेरे बाप का है क्या?”

मी हसलो. तोही थोडं हसला.

शिवाप्पा तिन्ही दिवसांचा वेळ मिळून सातवा आला. लातूरच्या मैदानावर आम्ही नाचलो. रात्री खाजा नांदेडला परतला. आणि दुसऱ्या दिवशी त्या गावच्या सरपंचाची तक्रार समितीकडे आली. एका स्पर्धकाने टँकरचं पाणी अंगावर घेतलं, नंबर अमुक. सरपंच लांब उभा होता. त्याला फक्त भिजलेला शिवाप्पा दिसला होता.

आता पुढचं ऐका. समितीने चौकशीसाठी दोन माणसं गावात पाठवायचं ठरवलं, आणि जबाब लिहून घ्यायला तिसरा माणूस मागितला — आमच्या संघटनेकडे. नियम आमच्या पत्रकामुळे झाला होता, तेव्हा आमचा माणूस असला की कुणाला शंका नको. संघटनेने माझं नाव दिलं. अक्षर चांगलं, भाषा चांगली, माणूस तत्त्वाचा.

तिथेच सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं: पाणी मी ओतलं, तो नको म्हणत होता. शिवाप्पा सुटला असता. माझं काय झालं असतं? छी-थू झाली असती. ‘पाणी माणसांना’ लिहिणाऱ्याने म्हातारीचा हंडा पळवला, असं चौकाचौकात म्हटलं गेलं असतं. बस, इतकंच. कुणी मारणार नव्हतं, तुरुंग नव्हता. एका बाजूला त्याची आयुष्यभराची भाकरी, दुसऱ्या बाजूला माझी चार चौकांतली अब्रू. मी जीपमध्ये बसलो आणि गावाला गेलो.

समितीचे दोघे मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर सरपंचाशी बोलत चहा पीत राहिले. मला म्हणाले, बाईंचा जबाब तेवढा घे. मी कोंडाबाईच्या दारात गेलो. तिने डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि ओळखलं.

“तूच न्हवं का तो? त्या पोराला भिजिवलंस.”

मी कागद मांडीवर घेतला. ती सांगत गेली. कसं मी प्यायला मागितलं, कसा हंडा धरतो म्हणालो, कसं ते पोरगं नको नको म्हणत होतं. “त्येचा काय दोष न्हाई बग, त्येला बोल लावू नगंस. नीट लिव्ह.” मी मान हलवत होतो. आणि लिहीत होतो. काय लिहीत होतो? ‘सदर सायकलस्वाराने माझ्याकडे पाणी मागितले. मी नको म्हणत असता माझा हंडा घेऊन अंगावर ओतून घेतला.’

दोन ओळी. त्याचं ‘नको’सुद्धा मी वापरलं, तिच्या तोंडी घालून. वाया जाऊ दिलं नाही.

तिने विचारलं, “लिवलंस सगळं?” म्हणालो, “हो आजी.” तिने स्वतःच अंगठा पुढे केला. मी तो शाईच्या गादीवर दाबला, मग कागदावर. अंगठा कोरडा, भेगाळलेला. ठसा नीट उठला नाही, म्हणून पुन्हा घेतला.

शिवाप्पा बाद झाला. कुणीतरी ओतलं, मी नको म्हणत होतो, हे त्याचं म्हणणं त्या कागदापुढे टिकलं नाही. कंपनीने त्याला त्याच आठवड्यात घरी पाठवलं. आणि मी दुसरं पत्रक लिहिलं — लिहावंच लागलं, संघटना वाट पाहत होती — ‘पाणीचोर खेळाडू’. त्यातलं एक वाक्यही तुम्हाला ऐकवणार नाही. खाली नाव संघटनेचं होतं, माझं नव्हतं.

ते पत्रक नांदेडला पोचलं आणि खाजा एस.टी.ने लातूरला आला. माझ्याकडे नाही, थेट समितीकडे. खरं काय ते सांगितलं. त्यांनी त्याच्यापुढे कोंडाबाईचा कागद ठेवला आणि मला बोलावलं. मी म्हणालो, खाजा शिवाप्पाचा फार मोठा चाहता आहे, त्याला वाईट वाटलंय. समितीतला एक जण हसत म्हणाला, “ह्या लोकांच्या बोलण्याचं काय धरून बसायचं!” तसल्या वाक्यांविरुद्ध मी दहा पत्रकं काढली होती. त्या खोलीत मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

बाहेर आल्यावर खाजा म्हणाला, “यार, तू लिखता बहोत अच्छा है.” तेव्हापासून आमचं बोलणं नाही.

त्यानंतरही मी पत्रकं लिहीतच राहिलो, हे सांगायला हवं. हात थरथरला वगैरे नाही. झोप लागायची. भाषणात टाळ्या पडायच्या, आणि त्या टाळ्या मला आवडायच्या. पश्चात्तापाने माणूस खंगतो म्हणतात. माझं वजन वाढलं.

गेल्या महिन्यात संघटनेच्या कामाने उदगीरला गेलो होतो. शिवाप्पाच्या दुकानासमोरून जाण्याची गरज नव्हती. तरी गेलो, आणि आत शिरलो. शिवाप्पा तराजूमागे बसला होता. पोट सुटलंय. कपाळावरचे पट्टे कोरडे, जागच्या जागी. मी अर्धा किलो गूळ मागितला. त्याने माझ्याकडे दोनदा पाहिलं आणि एकदम उठून उभा राहिला.

“तुम्ही ते मोटारसायकलवाले न्हवं का? तीन दिवस मागं होतात! अण्णा, वळखलं की मी!” मग आत बापाला ओरडून सांगितलं, कोण आलंय बघा म्हणून. बापाने हात जोडले. शिवाप्पाने गूळ पारड्यात घातला, वर मुठीएवढा आणखी एक खडा ठेवला, आणि मी पैसे काढले तर माझी मूठ धरून मागे सारली. “न्हाई न्हाई. सगळ्यांनी चोर म्हटलं मला. तुम्ही तेवढं मागं होतात. तुमच्याकडनं कसं घेऊ?”

मी पैसे परत खिशात ठेवले.

पुडी घेतली, नमस्कार केला आणि बाहेर पडलो. एस.टी.त बसल्यावर भूक लागली. लातूर यायच्या आत मी तो गूळ निम्म्याहून जास्त खाल्ला होता.