माझी अर्धी ओळ

आमच्या चर्चच्या मासिकात मी बरीच वर्षं 'मनन' लिहिते. शेवटचं पान माझं. विश्वास, प्रार्थना, क्षमा, मग फिरून पुन्हा विश्वास. क्षमेवर तर मी भाजी निवडता निवडता लिहीत असे. खरं सांगायचं तर तोवर माझ्या वाट्याला आलेला सगळ्यात मोठा अपराध म्हणजे नळावर कुणीतरी माझी बादली मागे सारली, एवढाच. तोही मी चांगलं तोंड फुगवून झाल्यावरच माफ केला होता.

मग माझा मुलगा गेला. घोडपदेवच्या आमच्या चाळीत समोरच्या खोलीत चर्चमधल्याच एक बाई राहतात, त्या आणि त्यांचा मुलगा. आमची दोन्ही पोरं बरोबरच वाढली. त्यांच्या मुलाने गायचं, माझ्याने ढोलकी वाजवायची. नाताळच्या आधी भोईवाड्याला गाण्यांचा सराव करून दोघं बाईकवरून परत येत होते. बाईक त्यांच्या मुलाची, चालवत तोच होता, मागे माझा, मांडीवर ढोलकी घेऊन. खोदलेल्या रस्त्यावर लोखंडी पत्रा टाकलेला होता, त्यावर चाक घसरलं. हेल्मेट एकच होतं आणि ते त्याच्या डोक्यावर होतं. या वाक्याच्या पुढे मला अजून जाता आलेलं नाही.

हॉस्पिटलात आम्ही दोघी आया एकाच बाकावर बसलो होतो. त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. मी प्रार्थना सांगत होते, त्या मागून म्हणत होत्या, कारण प्रार्थना करण्यात मी हुशार ना! दोघांसाठी मागितलं. एक मिळाला, तो त्यांचा.

आमच्यात माणूस मोठ्या दुखण्यातून उठलं की घरी उपकारस्तुतीची सभा ठेवतात. मंडळीतली माणसं जमतात, गाणी होतात, बायबलमधलं वचन वाचतात, देवाने काय केलं याची घरचं कुणीतरी साक्ष देतं, मग चहा आणि शिरा. बाईंनी हॉस्पिटलातच देवाला तसं कबूल केलं होतं. पण वर्ष उलटलं तरी सभा काही झाली नव्हती. एका संध्याकाळी त्या माझ्या दारात आल्या. आत आल्या नाहीत.

"बाई, देवाला बोललेय मी. पण तुम्ही आलात तरच करीन. नायतर राहू दे."

"मी आले नाही तर देव काय तुमच्या पोराचा पाय पुन्हा मोडणार आहे?" मी म्हटलं. तोंडाची मी पहिल्यापासून फटकळ. दुःखाने माणूस मऊ होतं असं मीच कधीतरी लिहिलं होतं, ते साफ खोटं आहे.

त्या पदराने माझ्या दाराची चौकट पुसत उभ्या राहिल्या, धूळ नव्हती तरी. मला त्यांचा राग आला, कीवही आली. शेवटी येते म्हणाले.

रविवारी दुपारनंतर खोली माणसांनी भरली. मला मानाने पुढे बसवलं, ते नेमकं त्याच्या शेजारी. पायात सळई असल्यामुळे तो स्टुलावर पाय लांब करून बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. गाण्यांना ढोलकी नव्हती, लोकांनी टाळ्यांवर भागवलं. तो गायला नाही.

मग बाई साक्ष द्यायला उठल्या. बायबलमधून त्यांनी एक घडी घातलेलं कात्रण काढलं आणि म्हणाल्या, "हे माझ्या पोराच्या उशाखाली होतं हॉस्पिटलात." आणि वाचायला लागल्या. ते माझंच मनन होतं. देव आईची प्रार्थना रिकाम्या हाताने परत पाठवत नाही, असं मी त्यात लिहिलं होतं. हे वाक्य जमल्यावर मी स्वतःवरच खूश झाले होते, तेही मला आठवलं. त्या रडत रडत वाचत होत्या. कुणीतरी आमेन म्हणालं. मग एकेकाच्या लक्षात आलं की मी इथे बसले आहे. बाईंच्या लक्षात सगळ्यात शेवटी आलं, आणि त्या मध्येच थांबल्या. मला दुखवायला त्यांनी वाचलं नव्हतं. त्यांच्या दृष्टीने तो माझा गौरवच होता. पण मला ओरडून विचारावंसं वाटलं, मग मी आई नव्हते का?

पाळकसाहेबांनी घाईघाईने सगळ्यांना प्रभूची प्रार्थना म्हणायला सांगितलं.

त्या प्रार्थनेतली एक ओळ मी वर्षभर पूर्ण म्हटलेली नाही. जशी आम्ही दुसऱ्यांना क्षमा केली, इथे मी गप्प होते. तशी तू आम्हाला कर, इथून पुन्हा सुरू करते. चर्चमध्ये एवढ्या आवाजांत कोण बघतंय? त्या दिवशीही मी तशीच थांबले. शेजारून त्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला. त्याने माझी गाळलेली अर्धी ओळ म्हटली. मग मी सुरू झाले आणि तो गप्प झाला. पुढच्या ओळीला पुन्हा बरोबर आला.

चहा न घेताच मी गॅलरीत आले. तो काठी टेकत मागून आला.

"अर्धी ओळ का सोडतोस?" मी विचारलं. वर्षभरात त्याच्याशी बोललेलं हे माझं पहिलं वाक्य.

तो खाली रस्त्याकडे बघत राहिला. "देवाकडे क्षमा मागून काय करू, काकी? मुलगा तर तुमचा गेला."

उत्तर मला माहीत होतं. शेवटच्या पानावर कितीदा तरी लिहिलेलं, त्याच्या पुढ्यात ठेवायचं, एवढंच होतं. पण हेल्मेट एकच होतं. त्याने बराच वेळ वाट पाहिली, मग "येतो काकी," म्हणाला आणि काठी टेकत आत गेला.

आता दर रविवारी चर्चमध्ये तो माझ्या मागच्या बाकावर बसतो. ती ओळ आली की मी थांबते आणि माझी अर्धी तो म्हणतो. मग तो थांबतो आणि त्याची अर्धी मी म्हणते, पण ती मी माझ्यासाठी मागते. एकदा, फक्त एकदाच, ती त्याच्यासाठी मागायची आहे. मागून त्याचा आवाज थांबलेला मला ऐकू येतो, आणि तेवढं काही माझ्याच्याने होत नाही.