अरादच्या घरातला नवा तांदूळ

बहरीनमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर त्या नोव्हेंबरात एक वाक्य फिरत होतं: 'या लोकांना घराची सवयच नाही.' लिहिणारे आमचे अध्यक्ष. पुण्याचे, इथं इंजिनियर, मराठी दिनाला फेटा बांधून भाषण करणारे. त्या वाक्याखाली बऱ्याच जणांनी अंगठे दिले होते. त्यात माझाही एक होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बराच वेळ दुसऱ्यांवर चिडणार आहे, आणि हिनं स्वतःला सोडलं असं कुणी म्हणायला नको.

'हे लोक' म्हणजे पाच जण, जव्हारकडचे वारली. एजंटनं त्यांना बहरीनला बांधकामावर आणलं होतं. काम बंद पडलं, ठेकेदार देश सोडून गेला, कॅम्पला कुलूप लागलं आणि पासपोर्ट त्याच्या ऑफिसात अडकले. ऑगस्टमध्ये आम्हाला सापडले तेव्हा ते तुबलीत गॅरेजांच्या मागे, एका बंद वर्कशॉपच्या अंगणात पत्र्याखाली राहत होते. इथला ऑगस्ट ज्यानं पाहिलेला नाही त्याला काय सांगू? दुपारी त्या पत्र्याला हात लावता येत नाही. शेजारच्या गॅरेजचे चाचा, रत्नागिरीकडचे, त्यांना आपल्या नळावर पाणी भरू देत. तेवढाच आधार होता.

पाचांतल्या थोरल्यांना बाकीचे 'बाबा' म्हणत, म्हणून मीही बाबाच म्हणू लागले. पन्नाशीचे, काटकुळे, फार न बोलणारे. साइटवर त्यांच्या पायात खिळा घुसला होता आणि अंगात साखर होती, त्यामुळे जखम भरत नव्हती. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. पाय धुळीत पडता कामा नये, गोळ्या वेळेवर, जेवण त्याहून वेळेवर. घरी जायचे कागद होईपर्यंत यांना छप्पर मिळालं तर पाय वाचेल, नाही तर जाईल.

मग मंडळानं अरादमध्ये एक जुनं घर भाड्यानं घेतलं. चांगलं काम केलं, ते मी नाकारत नाही. तीन खोल्या, एसी, नवे कोरे बंक बेड, दोन वेळचा डबा. अध्यक्षांनी कौतुकानं हॉलच्या भिंतीला वारली चित्रांचा मोठा स्टिकर लावून घेतला. 'त्यांना आपलं वाटलं पाहिजे,' म्हणाले. आणि मग कमिटी नियम करायला बसली. घरात काही शिजवायचं नाही. मासमच्छी आणायची नाही. एका गावच्या दोघांनी एका खोलीत झोपायचं नाही, कारण एकत्र आले की पीत बसतील. त्यांतल्या कुणाला आमच्यापैकी कुणीही कधी प्यालेलं पाहिलं नव्हतं. तरी मी ती यादी टाईप केली, लॅमिनेट केली आणि त्या स्टिकरच्या शेजारी चिकटवून आले. भिंतीवर तारपा वाजवणारा माणूस आम्हाला चालत होता, पण ओट्यापाशी भात रांधणारा चालत नव्हता. आज हे आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. तेव्हा मात्र मी यादीचा फोटो काढून गटावर टाकला होता.

पहिल्या आठवड्यातच त्या पाचांनी गाद्या बेडवरून काढून हॉलमध्ये शेजारी शेजारी अंथरल्या. अध्यक्षांनी नाक मुरडलं. मी विचारलं तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "येकटा मानूस आमच्यात निजत नाय, ताई. कुनाला काय झाला त कलनार कसा?" आजारी माणूस बरोबर असताना यापेक्षा शहाणपणाचं काय असतं? पण गटावर 'शिस्त नाही' अशी नोंद झाली.

दिवाळीनंतर खजिनदार रजेवरून परत आले. त्यांचं मुळशीकडे शेत आहे. येताना त्यांनी बॅगेतून घरचा नवा इंद्रायणी तांदूळ आणला आणि तो सगळा, डबा करणाऱ्या बाईंकडे दिला, म्हणाले, आठवडाभर अरादच्या माणसांना हाच घाला. मनापासून दिला होता, यात शंका नाही. बाईंनीही हौसेनं केलं. सकाळी भात, संध्याकाळी खिचडी, आणि ती माणसं पोळीला नाखूष असतात म्हणून त्याच तांदळाच्या पिठाची भाकरी.

पहिल्या दिवशी भात-भाकरीचे डबे भरलेले परत आले, दुसऱ्या दिवशीही तसेच. त्या आठवड्यात घराची देखरेख करणाऱ्या आमच्या एका सभासदानं गटावर लिहिलं, 'देवाबिवाचं काहीतरी नाटक आहे, जेवत नाहीत.' पुढे हसरा चेहरा. खजिनदार दुखावले. कुणी लिहिलं, माज आलाय. कुणी लिहिलं, उपाशी राहिले की खातील. आणि मग ते घराच्या सवयीचं वाक्य आलं. तिसऱ्या दिवशी अध्यक्षांचा मला फोन: "तुम्ही जाऊन सांगा. जेवायचं असेल तर राहा, नाही तर शुक्रवारपर्यंत घर मोकळं करा."

मी बँकेतून अर्धी रजा काढून गेले. जाताना गाडीत वाक्यं जुळवत होते. रागावूनच गेले होते, पण त्यांच्यावर.

बाबा भिंतीला टेकून बसले होते. कपाळावर घाम, हात थरथरत होते. गोळ्या मात्र त्यांनी चुकवल्या नव्हत्या. साखर उतरवणारी गोळी, वेळच्या वेळी, रिकाम्या पोटी. बाकीच्यांनी भाजी आणि केळ्यांवर दिवस काढले होते, यांना साखरेमुळे केळी बंद, आणि त्या डब्यातलं तर यांनी काहीच तोंडात घातलं नव्हतं. पर्समध्ये खजूर होते, ते त्यांच्या हातावर ठेवले. ते त्यांनी लगेच खाल्ले. म्हणजे न खाण्याचा हट्ट नव्हताच.

"बाबा, अहो भात का नाही खाल्लात?"

"नवा हाय तो."

"चांगला आहे. घरचा आहे त्यांच्या."

"चांगला हाय, वास येतो ना. पन नवा. आजून आमी देवाला, आमच्या गेलेल्यांना नाय देला. त्यांच्या आधी आमी कसा खानार? मी थोरला, मना त त्या डब्यातला कायच नाय चालत." पुढे म्हणाले, "आपल्या हातानी रांधायचा, पानावर त्यांचा काढायचा, मग आपन. येवढाच. हितं बघायला येतो त्या साहेबाला बोललो आमी पयल्याच दिवशी. येक शेगडी द्या बोललो. तो हसला."

मी तिथूनच, त्यांच्यासमोर, खजिनदारांना फोन लावला.

"तुमच्या घरी नवा तांदूळ आला की तुमच्या आई काय करतात हो?"

"काय म्हणजे? पहिला नैवेद्य ग्रामदेवतेला. त्याशिवाय घरात कुणी तोंड लावत नाही. का?"

"मग हे काय वेगळं सांगतायत?"

ते मग म्हणाले, "अहो, ते वेगळं."

काय वेगळं, हे मी त्यांना तीनदा विचारलं, तर म्हणाले, कमिटीशी बोला. माझ्या माहेरी नव्याच्या पुनवेला दाराला ओंब्या बांधतात. आई देवापुढे वाटी ठेवल्याशिवाय आम्हा पोरांना नव्या भाताचं शीतसुद्धा देत नसे. आमच्या घरी होतं ते संस्कार आणि अरादच्या हॉलमध्ये होतं ते नाटक. इतक्या वर्षांत मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि लाज वाटली की मी चिडते.

कमिटीची परवानगी मागितली. उत्तर आलं, 'आज शेगडी, उद्या कोंबडी. नियम म्हणजे नियम.' मी घरी गेले, माझी विजेची शेगडी आणि एक पातेलं उचललं, डबेवाल्या बाईंकडून उरलेला तांदूळ घेतला आणि परत अरादला आले.

एकानं भात लावला. दुसरा गल्लीतल्या बदामाच्या झाडाची मोठी पानं घेऊन आला, त्याला केळीच्या पानाची गरज वाटली नाही. बाबा पाय लांब करून पानांसमोर बसले. भाताचे छोटे छोटे घास पानांवर ठेवत एकेकाचं नाव हळू आवाजात घेत गेले. आजे, पणजे, बाप, एक धाकटा भाऊ. मी दारात उभी होते. मला त्यांनी खुणेनं बसायला सांगितलं, तर बसले. एवढं झाल्यावर पाचही जण जेवायला बसले. ते जेवण मी विसरणार नाही. नुसता भात आणि मीठ-मिरची. बाबांनी तीनदा भात घेतला. तासाभरात त्यांच्या हातांची थरथर गेली.

मी गटावर लिहिलं, 'शेगडी मी दिली आहे. ती माणसं जेवली आहेत. यापुढे ती स्वतः रांधतील.' खाली एकही अंगठा आला नाही. दहा मिनिटांनी अध्यक्षांचा फोन आला. ते ओरडत नाहीत, फार सभ्य आवाजात बोलतात. म्हणाले, घर मंडळाच्या नावावर आहे, मंडळाचा निर्णय तुम्ही धाब्यावर बसवलात, शुक्रवारी किल्ल्या हव्यात. मी पायाचं सांगितलं. डॉक्टरीणबाईंचे शब्द जसेच्या तसे सांगितले. "ते आम्हाला समजतं हो," म्हणाले, "पण मग प्रत्येकाच्या चालीरीती सांभाळत बसायचं का?" मी म्हटलं, तुमच्या सांभाळतोच ना आम्ही सगळे, गणपतीत दहा दिवस. त्यांनी फोन ठेवला.

गुरुवारी मी तुबलीला चाचांच्या गॅरेजवर गेले. दुसरं कोण होतं? त्यांनी हात पुसले, सगळं ऐकून घेतलं. वरती त्यांच्या कामगारांची एक खोली रिकामी होती. मोरी होती, खिडकी होती. मी घाबरत घाबरत म्हटलं, पण ते स्वतः शिजवणार, आणि पाचही जण एकत्रच झोपणार.

"झोपूदेत ना," चाचा म्हणाले. "ती शेगडी कुठं ठेवनार ते सांग. खिडकीजवल बरी, वारा हाय. आनि सुकट हाय माज्याकडं, देतो. आमच्या गावात कातकरी होते, सुकटीशिवाय जेवायचे नाय."

"त्यांना परत धुळीत नको ठेवायला, चाचा. पायाचं..."

"वरती कसली धूल? जिना मी धुवून घेतो रोज. यल्ला, चल, आन त्यांना."

आमच्या कमिटीनं पाच माणसांना घर देताना तीन बैठका घेतल्या होत्या आणि त्यांत शेगडीचा प्रश्न फक्त 'नको' म्हणण्यापुरता आला होता. ती कुठं ठेवली तर वारा लागेल, हे विचारायला गॅरेजवाले चाचा लागले. शुक्रवारी ती माणसं जिन्यानं वर चढली, बाबांना दोघांनी उचलून नेलं. पुढे त्यांच्या पायाची दोन बोटं कापावी लागली. जेवण बंद पडलेल्या त्या तीन दिवसांमुळे की आधीच्या उन्हाळ्यामुळे, ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नाही आणि मी खोदून विचारलंही नाही. पाय वाचला.

जानेवारीत कागद झाले. विमानतळावर मी सोडायला गेले, तर तिथं अध्यक्ष हजर. हातात शाल, श्रीफळ, मागे मंडळाचा बॅनर आणि मोबाइलवर चित्रण करणारा तोच हसरा सभासद. बाबांच्या खांद्यावर शाल आली. अध्यक्षांनी कॅमेऱ्याकडे बघून मंडळाच्या आदिवासी निवास उपक्रमाबद्दल चार वाक्यं सांगितली, आणि मग बाबांकडे वळून, अगदी आदरानं म्हणाले, "आम्ही दिलेल्या घराबद्दल दोन शब्द बोला ना."

बाबांनी शाल नीट केली. रागावले नव्हते. विचारलं म्हणून सांगितलं, तितक्याच सरळपणे.

"घर चांगला व्हता," ते म्हणाले. "आमी त्यात उपाशी व्हतो."

मग वळले आणि लंगडत आत गेले. बाकीचे चौघं त्यांच्या चालीनं चालत होते, कुणी पुढे गेला नाही.

संध्याकाळी तो व्हिडिओ गटावर आला. बाबांचे ओठ हलताना दिसतात, पण वर सनई लावलेली आहे. मी मूळ व्हिडिओ मागितला. डिलीट झाला, म्हणाले. होऊ दे. मी बाबांपासून दोन हातांवर उभी होते.