चतुराबाईची गांडुळं

अकोल्यात जठारपेठेच्या एका गल्लीत चतुराबाईची एकच खोली होती. अंगण नव्हतं, म्हणून तिने घरातल्याच फुटक्या रांजणात शेणमाती भरून गांडुळं पाळली होती. ती माती खिडकीतल्या डब्यांत टाकून ती मेथी काढायची आणि शेजाऱ्यांनाही द्यायची. १९६० सालची ही गोष्ट.

नवरा देवमन तिला रोज मारायचा. ती किंचाळायची. शेजारी तिचीच मेथी खात भिंतीआडून निवांत ऐकायचे.

एका रविवारी देवमन मासे धरायला मोर्णा नदीवर निघाला. त्याने रांजण उपडा केला आणि उंबरठ्यावर बसून एक जिवंत गांडूळ गळात टोचलं. तेवढ्यात चतुराबाई बाजारातून आली.

"ठेव ते खाली!"

त्याने सवयीने हात उगारला. तिने तोच हात पकडला आणि गळ त्याच्या तळव्यात आरपार खुपसला. तो गुरासारखा हंबरला. सारी गल्ली धावत आली.

गळाची दोरी मुठीत आवळून चतुराबाई जमलेल्या शेजाऱ्यांकडे वळली.

"गांडुळाले तोंड नाही. मले व्हतं, मी रोज वरडत व्हती. आज बरे धावून आले तुमी!"