टरबुजाच्या सणाचे अध्यक्ष

गवतावर बसून टरबूज खायचं, एवढाच कार्यक्रम होता. मी लाउडस्पीकर सांगून आलो.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. आमच्या शेतकी कॉलेजात संत्र्याच्या रोगांवर काम करायला टेक्सासचे एक कृष्णवर्णीय प्रोफेसर आले होते. एकोणीस जून, जूनटीन्थ, हा त्यांच्या लोकांचा सण. गुलामी कायद्याने संपली, पण टेक्सासच्या गुलामांना कोणी सांगितलंच नाही. बातमी फार उशिरा, या दिवशी पोचली.

"घरी सगळे बागेत जमतो, गवतावर बसून लाल काहीतरी खातो," ते म्हणाले. "इथे एकट्याने कसा करू? तुम्ही याल?"

मी भारावलो. एवढ्या मोठ्या सणाला अध्यक्ष नको?

संध्याकाळी बागेत स्टेज, स्टेजवर टेबल, टेबलावर चादर, हातांची खुर्ची आणि खुर्चीत मोगऱ्याच्या हारात नाकापर्यंत बुडालेले प्रोफेसर. सभेच्या मागे कडुनिंबाखाली माझी बायको टरबुजाच्या फाका आणि लालभडक तर्रीचं मटण मांडून माशा हाकलत बसलेली. प्रोफेसर तिकडेच बघत होते. एकदा उठलेही. मी खांदा दाबून बसवलं, "सर, अजून आभार राहिलेत."

"अबे, त्याचा सण हाय, त्याले तं बोलू दे!" गर्दीतून एक सहकारी ओरडला.

"अध्यक्ष शेवटी बोलतात गा," मी माइकवरून समजावलं आणि उशिरा पोचलेल्या बातमीची हकिगत पुन्हा सुरू केली.

तेवढ्यात बायको सरळ स्टेजवर आली. "भाऊ, उठा. टरबूज गरम होऊन राहिलं."

मराठीचा एक शब्द न कळणारे प्रोफेसर ताडकन उठले. हार खुर्चीच्या हाताला अडकवून तिच्यामागे निघाले, आणि त्यांच्यामागे सगळी सभा.

"अध्यक्षांनी कृपया स्थानापन्न व्हावं!" मी ओरडलो. ऐकायला फक्त माइकवाला उरला होता. तो म्हणाला, "साहेब, वायर काढू का?"

मी खुर्चीचे आणि हाराचे आभार मानून खाली उतरलो. प्रोफेसर गवतावर मांडी घालून बसले होते. कोपरापर्यंत टरबुजाचं पाणी, डोळ्यांत पाणी, तोंडभर हसू. डोळ्यांचं पाणी तर्रीमुळे, असं ते खुणेने सांगत होते. मला पाहून त्यांनी सरकून जागा केली.

घरी जाताना फाटकाशी बायको म्हणाली, "त्याइच्या लोकांले बातमी उशिरा काहून समजली, थे तुम्ही माइकवर चारदा सांगतलं. पण बातमी अडकते कुठं, थे मले आज दिसलं."